खिळा ठोकला आणि खांबातून गंज निघाला: पाच वर्षांच्या इमारतीचं काय करायचं?

चारकोपची_सई · २ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीचा गणपती पार्किंगमध्ये बसतो. यंदा पडदा बांधायला एकाने मधल्या खांबात खिळा ठोकला. दुसऱ्या ठोक्याला हातभर गिलावा खाली आला, त्याच्याबरोबर काँक्रीटची जाड खपलीही. आत सळई दिसली, पार विटकरी झालेली. बोटाने चोळली तर भुगा हातात आला. पोरांनी त्या जागी झेंडूची माळ लावली आणि आरती सुरू केली. तेव्हापासून आरतीला उभी राहिले की माझी नजर त्या माळेमागे जाते.

इमारत कांदिवली पश्चिमेला, चौदा मजली, ५६ फ्लॅट. पहिला ताबा १८ ऑक्टोबर २०२० ला मिळाला. खाडी जवळ आहे. दोन वर्षांपासून वरच्या मजल्यांवर बाथरूमच्या छताला पोपडे धरतात. तक्रार केली की बिल्डरचा माणूस येतो, खरवडतो, पुट्टी लावून जातो. तो सांगतो, "मॅडम, मुंबईची हवाच दमट."

कमिटी म्हणतेय विसर्जन होऊ दे, दिवाळी होऊ दे, मग बघू. मला कळत नाहीये की हा मालाचा दोष आहे की हवेचा, आणि दाद मागायची तर कुणाकडे?

निवांत_बोरिवली · २ सप्टेंबर, रात्री ११:५८

ताई, घाबरू नका. मुंबईत कुठल्या इमारतीला पोपडे नाहीत? मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, अनुभवाने सांगतो. 'स्ट्रक्चरल' हा शब्द एकदा कागदावर आला की फ्लॅटचा भाव पडतो, बँका कर्ज द्यायला कुरकुरतात आणि पालिकेची नोटीस आली तर घर खाली करायची पाळी येते. चांगला ठेकेदार बघून दुरुस्त करून घ्या.

निवृत्त_उपअभियंता · ३ सप्टेंबर, सकाळी ६:१५

सईताई, त्या खांबाला आता कुणालाही हातोडा लावू देऊ नका. पडलेली खपली फेकली असेल तर कचऱ्यातून शोधा आणि पिशवीत घालून वर तारीख लिहा. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा.

हवा दमट आहे हे खरं. पण इमारत मुंबईतच बांधायची हे बिल्डरला आधीपासून ठाऊक होतं ना?

काँक्रीटमधली सळई एरवी गंजत नाही, कारण सिमेंटच्या अल्कलीमुळे तिच्यावर एक पातळ संरक्षक थर बसतो. तो दोन वाटांनी मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपून अल्कली मारतो ही एक, आणि मीठ, म्हणजे क्लोराइड, ही दुसरी. पहिली वाट चांगल्या काँक्रीटमध्ये फार सावकाश चालते, पाच वर्षांत काही मिलिमीटर. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, खांबाच्या मुख्य सळईवर किमान ४० मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. मग पाच वर्षांत गंजाने खपली फोडली कशी? एकतर कव्हर दिलंच नाही, किंवा काँक्रीट भुसभुशीत आहे, किंवा मीठ पहिल्या दिवसापासून आत आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. तुमच्या बाथरूमचे पोपडे नुसते गळतीचे आहेत की सळईचे, हेही त्यामुळे तपासायला हवं.

एक सोपी परीक्षा आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारायचं. गुलाबी झालं तर अल्कली शाबूत, रंग आला नाही तर मेली. सळईच्या भोवती गुलाबी येतंय आणि तरी सळई गंजलेली आहे, असं दिसलं तर संशय मिठावर. तेव्हा क्लोराइडची चाचणी करायची. आयएस ४५६ मध्ये त्याची मर्यादा आहे, एका घनमीटर सळईच्या काँक्रीटमध्ये ०.६ किलो.

स्लॅबवरचा_बाळ्या · ३ सप्टेंबर, दुपारी १:२०

काकांनी पुस्तकातलं सांगितलं, मी साईटवरचं सांगतो. अकरा वर्षं सुपरवायझर होतो, आता सोडलं.

मीठ कुठून येतं? पूर्वी खाडीची रेती यायची, न धुता. आता बहुतेक ठिकाणी क्रशरची वाळू असते. तिच्यात मीठ नाही, पण धुतलेली नसेल तर डस्ट इतकी असते की काँक्रीट पाणी पीत सुटतं. मीठ येतं ते पाण्यातून. पश्चिमेला खाडीलगत बोअर मारली की पाणी मचूळ. त्याच पाण्याने क्युरिंग करायचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं. कधी मिक्सिंगही.

दुसरं, आरएमसीची, म्हणजे प्लँटमधून तयार काँक्रीट आणणारी गाडी. नियमाप्रमाणे काँक्रीट दोन तासांत खाली व्हायला पाहिजे. हायवेला गाडी अडकली की माल घट्ट होतो, पंपवाला ओरडतो, "ये चढेगा नहीं." मग कोणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतो. दोन बादल्या म्हणता म्हणता किती जातं देव जाणे. प्लँटने एम-४०, म्हणजे दर चौरस मिमीला ४० न्यूटन ताकदीचं, पाठवलेलं असतं, खांबात जातं ते भलतंच काहीतरी. आणि ताकद तपासायचे क्यूब? ते पाणी टाकायच्या आधी भरतात, छान ठोकून ठोकून. त्यामुळे २८ दिवसांचा रिपोर्ट नेहमी पास.

तिसरं कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून (फर्म्यापासून) लांब ठेवणारे ठोकळे. रात्रीचं काम असलं आणि ब्लॉक संपले तर सळईखाली खडी सरकवतात. खांबात तर सळयांभोवतीच्या रिंगा फर्म्याला टेकलेल्याच असतात. फर्मा काढला की रिंगेची रेघ दिसते, मुकादम लगेच सिमेंटचा हात मारून घेतो.

मीही मारलाय. म्हणून सोडलं असं नाही म्हणणार, पगार वेळेवर मिळेना म्हणून सोडलं.

तिसऱ्या_माळ्यावरची · ३ सप्टेंबर, दुपारी १:४५

बाळ्यादादा, हे वाचून मी आत्ता खाली जाऊन आमचे खांब बघून आले. 😟

दुपारची_वकील · ३ सप्टेंबर, दुपारी ३:१०

सई, "दिवाळी होऊ दे" म्हणणाऱ्यांच्या हातात कालनिर्णय द्या. ताबा १८ ऑक्टोबर २०२० चा आहे. यंदा १८ ऑक्टोबरला धनत्रयोदशी आहे. तुमचं पत्र वसुबारसेच्या आत बिल्डरच्या हातात पडलं पाहिजे.

कारण असं. रेरा, म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, कलम १४(३). ताब्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या *लक्षात आणून दिला*, तर तो त्याने जादा पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायचा. नाही केला तर नुकसानभरपाई. पाच वर्षांत खटला संपवा किंवा तक्रार दाखल करा, असं कायदा म्हणत नाही. लक्षात आणून द्या म्हणतो. पण ते आणून दिल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. बिल्डरच्या माणसाला तोंडी सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, यावर विसंबू नका. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह (रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय), शिवाय ईमेल, शिवाय ऑफिसात नेऊन शिक्का. प्रत्येकाच्या ताब्याची तारीख वेगळी असेल, म्हणून सर्वांत जुनी तारीख धरून चाला, आणि जमेल तितक्या सभासदांची वैयक्तिक पत्रंही जोडा.

पत्रात "लीकेज" लिहून थांबू नका. कुठला खांब, कुठली तुळई, कुठला स्लॅब, सगळं नाव घेऊन. "आणि चाचणीत आढळणारे इतर दोष" हेही.

दोष सिमेंटचा, सळईचा की आरएमसीवाल्याचा, याचा निवाडा तुम्ही करत बसू नका. बिल्डर उद्या म्हणेल, प्लँटचा माल खराब आला. येऊ दे. तुमचा करार बिल्डरशी आहे. त्याने पुढे कुणाची मान धरायची ती धरावी.

पूर्वीचा मोफा, म्हणजे १९६३ चा महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा, त्यात तर वापरलेल्या मालातला दोष असे शब्दच आहेत, पण तिथे मुदत तीन वर्षांची. तुमची २०२३ मध्येच उलटली.

मुलुंडचा_मी · ३ सप्टेंबर, रात्री ९:३०

वकीलताई, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर. आमचा ताबा २०१४ चा, रेराच्या आधीचा. २०२१ च्या पावसात जिन्याच्या तुळईला उभी-आडवी चीर पडली. बिल्डरकडे गेलो तर ज्या कंपनीने इमारत बांधली तीच उरली नव्हती. त्या एका प्रोजेक्टपुरती काढलेली एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. खात्यात काही नाही, ऑफिसात दुसरीच पाटी. साहेब तेच, केबिन तीच, फक्त नाव नवीन. "ती कंपनी वेगळी होती हो," म्हणाले आणि चहा मागवला. चहा चांगला होता.

शेवटी आम्हीच घरटी पैसे काढून तुळईला जॅकेटिंग केलं, म्हणजे भोवती मजबुतीचं नवं आवरण चढवलं. दोन घरांनी अजून दिलेले नाहीत.

हार्टफर्डचा_गिरगावकर · ४ सप्टेंबर, पहाटे ४:५०

इथे अमेरिकेत राहून तुम्हाला काय सांगणार असं वाटेल, पण आमच्या कनेटिकटमध्ये हाच प्रकार हजारो घरांच्या बाबतीत झालाय. विलिंग्टन गावच्या एका खाणीची खडी १९८० च्या दशकापासून घरांच्या पायाच्या काँक्रीटमध्ये जात होती. त्या दगडात पायरोटाइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज. पाणी आणि हवा लागली की ते बदलतं, फुगतं आणि काँक्रीट आतून फाडतं. तळघराच्या भिंतींवर नकाशासारख्या चिरा. आणि हे दिसायला लागतं दहा, पंधरा, वीस वर्षांनी!

लोक विमा कंपन्यांकडे गेले. त्या म्हणाल्या, पॉलिसी 'अचानक कोसळण्या'ची आहे, तुमचं घर उभं आहे. म्हणजे भरपाईसाठी घराने आधी पडून दाखवायचं. अखेर राज्यानेच वेगळा निधी काढला. २०१९ पासून अर्ज घेतात, सुरुवातीला घरामागे कमाल १,७५,००० डॉलर. त्यासाठी राज्यातल्या घरांच्या विमा पॉलिसींवर वर्षाला १२ डॉलर अधिभार लावलाय. माझ्याही पॉलिसीवर आहे, माझं घर धड असूनही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

निवृत्त_उपअभियंता · ४ सप्टेंबर, सकाळी ६:०५

गिरगावकर, उत्तम माहिती. आपल्याकडची खडी बेसॉल्टची, त्यामुळे इथे नेहमीचा चोर तो नव्हे, मीठ आणि पाणी. पण तुमच्या त्या दहा-पंधरा वर्षांनी माझी झोप उडवली. दोष सावकाश पिकतो आणि मुदत मोजली जाते ताब्याच्या दिवसापासून. सईताईंच्या सोसायटीत तो खिळा यंदा ठोकला गेला म्हणून बरं. पुढच्या गणपतीत ठोकला असता तर?

निवांत_बोरिवली · ४ सप्टेंबर, सकाळी १०:३०

माझा मुद्दा कुणी घेतलाच नाही. ऑडिट केलं आणि अहवालात 'धोकादायक' आलं तर? पालिका ३५४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, नोटीस लावते. मग पाणी-वीज कापेपर्यंत जातं. ५६ कुटुंबं कुठे जाणार? भाडं कोण देणार?

दुपारची_वकील · ४ सप्टेंबर, दुपारी ३:००

तुमची भीती खोटी नाही. पण 'धोकादायक' म्हणजे एकच गोष्ट नव्हे. पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी लोक राहत असताना संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ किरकोळ. पाच वर्षांच्या इमारतीचे काही खांब गंजलेत म्हणून ती थेट सी-१ मध्ये जाते असं नाही. उलट अहवाल दाबून ठेवून पुट्टी लावत राहिलात, तर ती वर्षागणिक सी-१ कडे सरकते. आणि समजा खरंच रिकामी करावी लागली, तर ते भाडं भरपाईत मागायचंय. पत्र वेळेत गेलं असेल तरच मागाल ना?

गुरुग्रामचं आठवा. फेब्रुवारी २०२२, एका उंच सोसायटीत वरच्या घराचा स्लॅब पडला आणि खालचे मजले फोडत गेला. दोन बायका गेल्या. नंतर आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड निघालं. तीही काही जुनी चाळ नव्हती.

चारकोपची_सई · २१ सप्टेंबर, रात्री १०:१५

उशिरा लिहितेय. विशेष सभा झाली. अडीच तास, त्यातला दीड तास पार्किंगचा वाद. पण घरटी सहा हजार काढायचं ठरलं आणि चाचण्या करायच्या ठरल्या. बिल्डरने "आमचाच कन्सल्टंट पाठवतो, फुकट" म्हणून फोन केला होता. नको म्हटलं.

१९ तारखेला पत्रावर त्यांच्या ऑफिसचा शिक्का मिळाला. रिसेप्शनिस्ट घेत नव्हती, "सर आल्यावर." आमचे ७४ वर्षांचे जोशीकाका सोफ्यावर बसले आणि डबा उघडला. पोळीभाजी संपायच्या आत शिक्का आला.

स्लॅबवरचा_बाळ्या · २१ सप्टेंबर, रात्री १०:४०

जोशीकाकांना साष्टांग नमस्कार. 🙏 ताई, कोअर, म्हणजे ताकद तपासायला काँक्रीटच्या गोल कांड्या, काढतील तेव्हा जागा कन्सल्टंटने निवडायची, बिल्डरच्या माणसाने नाही. तो चांगला खांब दाखवेल. कव्हर मीटर आधी फिरवा, म्हणजे सळई कापली जाणार नाही आणि कव्हर किती ते फुकटात कळेल. आणि कोअरची भोकं त्याच दिवशी नीट भरून घ्या.

चारकोपची_सई · ९ नोव्हेंबर, रात्री ९:००

अहवाल आला. मला कळलं तसं सांगते, काकांनी तपासावं.

तळमजल्याच्या खांबांना नकाशावर एम-४० लिहिलंय. तीन कोअर काढले: २७, ३१ आणि २४. कव्हर काही ठिकाणी १५ मिमी. हाफ-सेलचे, म्हणजे गंजाच्या विद्युत चाचणीचे, आकडे सहा खांबांवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे. फिनॉल्फ्थॅलीन फवारलं तेव्हा मी तिथे उभी होते. सळईपर्यंत छान गुलाबी झालं, अगदी आपल्या गुलाबाच्या सरबतासारखं. सगळे खूश झाले, मी नाही. क्लोराइड मर्यादेच्या वर.

बिल्डरचं उत्तरही आलंय. करारातल्या कलमावर बोट ठेवलंय: २० अंशांपेक्षा जास्त तापमान-फरकामुळे पडणाऱ्या बारीक चिरा दोष धरल्या जाणार नाहीत. म्हणे या चिरा तशाच.

निवृत्त_उपअभियंता · १० नोव्हेंबर, सकाळी ५:५५

मुंबईत २० अंशांचा फरक? त्या गृहस्थांना लडाखला फ्लॅट विकायचे असतील.

कोअरचा हिशेब: तिन्हींची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी, म्हणजे ३४. तुमची २७ च्या आसपास. शिवाय एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको, म्हणजे ३०. तुमचे दोन खाली आहेत. दोन्ही अटींवर नापास. उणे ३५० च्या पलीकडे म्हणजे त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. आणि गुलाबी रंग आला, तरी सळई गंजलेली. तुम्ही खूश झाला नाहीत ते बरोबरच. चोर मीठच.

बिल्डरकडून आणि माहितीच्या अधिकारात पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडून जुने कागद मागवा: क्यूबचे अहवाल, स्ट्रक्चरल इंजिनियरचं स्थैर्य प्रमाणपत्र. आरएमसीची चलनं बिल्डरकडेच असतील. ती दिली नाहीत तर न दिल्याचीही नोंद राहते.

दुपारची_वकील · १० नोव्हेंबर, दुपारी २:४०

ते कलम अशा करारांत असतंच, पण बहुधा त्याच ओळीत "आरसीसी संरचना वगळून" असंही असतं. तुमच्या करारात बघा. शिवाय दोष-दायित्वाचं कलम बिल्डरने मनाप्रमाणे बदलायचं नाही, असं महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, २०२२ मध्येच बजावलंय.

३० दिवस केव्हाच होऊन गेले. आता दोन वाटा. महारेराकडे दुरुस्तीसाठी तक्रार, पाच हजार शुल्क. भरपाईसाठी न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज. सोसायटीही करू शकते. नाहीतर ग्राहक आयोग. रेरा आला म्हणून ते दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तिथे मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. घराला मोजलेली किंमत ५० लाखांच्या वर असेल तर जिल्हा नाही, राज्य आयोग. दोन कोटींपर्यंत तिथे. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नका.

आणि आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. तिथेही फाइल हलावी लागते. तुमचा बिल्डर एलएलपी आहे का, आत्ताच बघून ठेवा.

मुलुंडचा_मी · १० नोव्हेंबर, रात्री ८:१०

हो, ते आधी बघा. आणि चहा घेऊ नका.

चारकोपची_सई · १८ जानेवारी, रात्री ११:२०

एलएलपी नाही, कंपनी आहे, आणि दोन प्रोजेक्ट चालू आहेत. तक्रार दाखल केली. नोटीस गेल्यावर पंधरा दिवसांत साहेब स्वतः आले, पहिल्यांदा. सहा खांबांना जॅकेटिंग करून देतो म्हणाले. पण आधी 'पूर्ण व अंतिम समझोता, यापुढे कोणतीही तक्रार नाही' यावर सही हवी. अहवालात दुरुस्तीला अकरा खांब आहेत. कन्सल्टंट त्यांचा. हमीची मुदत कुठेच नाही.

५६ पैकी ३८ जण सही करू म्हणतात. कंटाळलेत. दोघांना फ्लॅट विकायचेत, त्यांचंही कळतं. पार्किंगमध्ये लोखंडी टेकू लावलेत, गाड्या रस्त्यावर. सभा पुढच्या रविवारी.

दुपारची_वकील · १९ जानेवारी, दुपारी १:०५

काम झाल्याशिवाय सही नाही. करायचाच असेल तर समझोता महारेरासमोर नोंदवून, आदेशाच्या रूपात. अकरा खांब, कन्सल्टंट तुमचा, खर्च त्यांचा, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी. सभेला मी ऑनलाइन येऊ का? फी नको. जोशीकाकांना भेटायचंय.

निवांत_बोरिवली · २५ जानेवारी, रात्री १०:३०

सभेचं काय झालं ताई?

आणि बाळ्याभाऊ, एक विचारायचं होतं. आमच्या बी विंगला लिफ्टजवळच्या खांबाला खालपासून छातीपर्यंत एक उभी चीर आहे. रंगाच्या वेळी भरली होती, परत आली. ताबा मे २०२१ चा. ते फिनॉल्फ्थॅलीन कुठे मिळतं?

स्लॅबवरचा_बाळ्या · २५ जानेवारी, रात्री १०:५२

प्रिन्सेस स्ट्रीटला, लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे. छोटी बाटली पुरते. पण सेक्रेटरीसाहेब, मे महिना लांब नाही. आधी पत्र, मग बाटली.